अडतीस मैलांवरची थरथर

तळोद्याचा बाजार मागे टाकून शहाद्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला दोधू सुताराचं दुकान होतं. दुकानाच्या एका बाजूला बैलगाड्यांची चाकं रचलेली असत, दुसऱ्या बाजूला मोटारलॉऱ्यांचे सुटे भाग. दोन्हींवर काम करणारा माणूस एकच, आणि दोन्हींची हत्यारंही बरीचशी तीच. जर्मनच्या पहिल्या लढाईत दोधू लाकूडकामासाठी भरती होऊन बसऱ्याला गेला होता. तिथं लाकडापेक्षा लोखंड जास्त मोडायचं, म्हणून त्याला मोटारींच्या कारखान्यात एका पंजाबी हवालदाराच्या हाताखाली घातलं. दोन वर्षांनी परत आला तो मिस्तरी होऊनच. त्याला आता वीस वर्षं झाली होती. नंदुरबारपासून अक्कलकुव्यापर्यंत ज्याच्याकडे म्हणून इंजिनाची गाडी होती, त्याला दोधू मिस्तरी ठाऊक होता.

दोधूला आपल्या हाताचा भरवसा होता आणि तो भरवसा तो झाकून ठेवत नसे. गाडी दुरुस्त होईल का, असं कुणी विचारलं तर तो होय किंवा नाही एवढंच सांगे. 'बघू', 'प्रयत्न करू' असले शब्द त्याच्या तोंडी नव्हते. लोक त्याला गर्विष्ठ म्हणत आणि गाडी घेऊन त्याच्याकडेच येत.

होळीला बारा दिवस राहिले होते, तेव्हा एका सोमवारी सकाळी आमशा त्याच्याकडे चालत आला. चालत आला हेच नवल. आमशा पाडवी काठी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यातला. जंगलातली लाकडं वाहणाऱ्या लॉरीवर क्लीनर होता, तेव्हा दोधूनंच त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं होतं. पोराचा हात हलका होता आणि कान तिखट. पुढे फत्तेसिंगांना ड्रायव्हर हवा झाला, तेव्हा दोधूनं आमशाचं नाव सांगितलं. फत्तेसिंग म्हणजे तळोद्यापासून तीन मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लहानशा जहागिरीच्या धन्याचा मुलगा. गुजरातेत शिकलेले, सव्वीस वर्षांचे. त्यांनी मुंबईहून दोन माणसांची शर्यतीच्या घाटाची उघडी गाडी आणली होती. हिरवी, जमिनीलगत, लांब नाकाची, आणि चाकांना लाकडी नाही की पत्र्याच्या नाही, तारांच्या आऱ्या. गेली दोन वर्षं आमशा त्या गाडीखेरीज रस्त्यावर कुणाला दिसला नव्हता.

तो दुकानाच्या उंबऱ्यावर बसला. पाणी प्यायला आणि मग सावकाश सगळं सांगितलं. गाडीचं स्टिअरिंग थरथरत होतं. पुढची टायरं खाल्ली जात होती, डावं जास्त, उजवं कमी. मुंबईच्या ज्या दुकानातून गाडी घेतली होती, तिथला फिटर पौषात आगगाडीनं नंदुरबारला आला आणि पुढच्या चाकांना नवी टायरं घालून गेला. महिनाभर गाडी शहाण्यासारखी वागली, पण पुन्हा थरथर सुरू झाली, आणि नवं टायरही त्याच जागी झिजू लागलं. फिटर परत आला, स्टेशनाबाहेरच अर्धा तास गाडी बघितली आणि गेला. काल दुकानाचं पत्र आलं. ड्रायव्हरनं गाडी दगडावर किंवा खड्ड्यात घातल्यामुळे पुढचा आस वाकला आहे, नवा आस बसवल्याशिवाय दुकान जबाबदारी घेणार नाही, असं त्यात होतं. फत्तेसिंगांनी किल्ली काढून घेतली होती आणि आमशाला घरी बसायला सांगितलं होतं.

"मी गाडी कोठेबी ठोकी नही," आमशा म्हणाला. "ठोकी रहाती, ते मी सांगी देतू."

दोधूनं त्याच्याकडे बघितलं. आमशा खोटं बोलत असता तर एवढ्या शांतपणे बोलला नसता, हे त्याला कळत होतं. आणखी एक गोष्ट होती. तो माणूस दोधूनं दिलेला होता. आमशाच्या कपाळी डाग लागला की तो दोधूच्याही कपाळी लागणार होता.

"थरथर किती वेगवर सुरू व्हस?" त्यानं विचारलं.

"अडतीस मैलवर. चाळीसवर जोरमा. पंचेचाळीसना वर गई का कमी व्हई जास."

"ब्रेक लावला का वाढस?"

"ब्रेकना काही संबंध नही."

एवढं ऐकून दोधूनं पागोटं बांधलं आणि पायात वहाणा घातल्या.

फत्तेसिंग घरासमोरच्या चिंचेखाली वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मिस्तरीला बसायला सांगितलं. बोलणं अदबीचं होतं, पण आवाज कोरडा. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्यांनी गाडी विकली त्यांच्या माणसानं डोळ्यांनी बघून सांगितलं आहे, त्याला खोटं बोलून काय मिळणार? शुक्रवारच्या टपालानं नव्या आसाची मागणी जायची होती, आणि आस आला की आमशाला कायमचं रजेवर जायचं होतं.

मोठ्या घरांत गेलं की दोधू अहिराणी बाजूला ठेवून पुस्तकी मराठी बोले. ती त्याला फौजेत आली होती आणि तिचा थोडा ताठा त्याला आवडे.

"बापू, तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण वाकलेला आस नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. दोरी लावावी लागते. त्यानं दोरी लावली होती का?"

फत्तेसिंगांना ते ठाऊक नव्हतं.

"मला शुक्रवारपर्यंत गाडी द्या. आस वाकला असेल तर मीच तुम्हाला तसं सांगेन आणि आमशाला कामावर ठेवा असं पुन्हा म्हणणार नाही."

फत्तेसिंगांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग गाडी न्यायला हरकत नाही म्हणाले, पण अट घातली की आमशानं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दोधूनं ती मान्य केली. मात्र आमशा शेजारी बसेल, एवढं त्यानं कबूल करून घेतलं.

अक्कलकुव्याकडे जाणारा मुरमाचा रस्ता एके ठिकाणी दोन मैल सरळ जातो. गव्हाची कापणी चालू होती. दोन्ही बाजूंच्या शेतांतले लोक ताठ उभे राहून हिरव्या गाडीकडे बघत होते. तीस मैलांवर गाडी पाण्यावरच्या होडीसारखी गेली. पस्तीसपर्यंत काही नाही. काटा अडतीसवर आला मात्र, आणि दोधूच्या तळहातात काहीतरी जिवंत झालं. आधी तुरीची शेंग हलवावी तशी बारीक खुळखुळ, मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. चाळिसावर पुढचे दोन्ही मडगार्ड थंडीतापाच्या माणसासारखे हुडहुडत होते. शेजारी आमशाचे दोन्ही हात मांडीवर होते, पण बोटं वळलेली, जणू स्टिअरिंगचं चक्र त्याच्याच हातात आहे.

दुकानात आल्यावर दोधूनं आधी टायर बघितलं. बघितलं म्हणजे हात फिरवला. बाहेरून आत हात नेला तर टायर गुळगुळीत लागे. आतून बाहेर आणला तर रबराच्या कडा करवतीच्या दातांसारख्या बोटांना अडत. डाव्या टायरची बाहेरची कड तर जागोजागी चमच्यानं कोरल्यासारखी खाल्ली होती. टायर ही जखम होती, रोग दुसरीकडे होता. त्याची खात्री करण्यासाठी त्यानं पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घातली आणि पुन्हा त्याच रस्त्यावर गेला. थरथर थोडी हलकी झाली, पण आली ती अडतीसवरच. म्हणजे चाकं बदलूनही रोग जागच्या जागी होता.

मग जॅकवर पुढचा भाग उचलून त्यानं एकेक चाक फिरवलं, रिमजवळ खडू धरला. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली, म्हणजे चाक गोल होतं. आऱ्यांवर पाना वाजवला. सगळ्या तारा एका सुरात वाजल्या, एकही ढिली नव्हती. मग चाक वरून आणि खालून धरून त्यानं आतबाहेर हलवलं. उजवं गच्च होतं. डावं मात्र टक्‌ टक्‌ वाजलं. ज्या खुंटीवर चाक वळतं, तिच्या भोवतीचं बुश, म्हणजे धातूचं नळकांडं, झिजलेलं होतं.

"सापडनं," दोधू म्हणाला.

आमशा वाकून बघत होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण मिस्तरी एव्हाना माप घेऊ लागला होता.

मंगळवारी दोधू शहाद्याच्या कापसाच्या जिनात गेला. तिथल्या लेथवर त्यानं स्वतः नवी बुशं कातली, इतकी नेमकी की खुंटी त्यांत तेलाच्या थेंबासारखी उतरली. बुधवारी दुपारी ती बसवून झाली. चाक हलवलं तर आवाज नाही. त्यानं हात पुसले आणि फत्तेसिंगांना निरोप धाडला की गाडी तयार आहे, स्वतः येऊन बसा. आधी एकदा आपणच चालवून बघावी, हे त्याच्या मनातही आलं नाही. दोष सापडला होता, काढला होता. अजून बघायचं ते काय?

फत्तेसिंग आले, शेजारी बसले. गाडी सरळ रस्त्याला लागली. अडतीस मैलांवर काटा आला आणि चक्र शांत राहिलं. दोधूनं शेजारी नजर टाकली. फत्तेसिंगांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं. एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस. बेचाळिसावर ती पुन्हा आली, तीच खुळखुळ, तसाच हुडहुडा. दोधूनं गाडी बाभळीखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"माझं चुकलं, बापू," तो म्हणाला.

फत्तेसिंगांनी टोचून काही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "मिस्तरी, शुक्रवारचं टपाल मी थांबवणार नाही." त्यांचा घोडा घेऊन नोकर मागून येतच होता. ते त्यावर बसून निघून गेले.

दोधू गाडी घेऊन दुकानात आला, तेव्हा आमशा तिथंच होता. चेहरा बघूनच त्याला कळलं. दोधूला आपल्या कामाची लाज वाटली नव्हती. बुशं झिजलेली होतीच, ती बदलायलाच हवी होती. त्याला लाज वाटत होती ती घाईची. पहिला दोष दिसला आणि तो तिथंच थांबला होता, बाजारात पहिलीच शेळी घेऊन मोकळा होणाऱ्या माणसासारखा.

मग आमशा बोलला. तो हळू बोलला, पण शब्द चांगले लागले.

"मिस्तरी, बापूनी माले काही इचारं नही. त्या मुंबईवालानी इचारं नही. तुम्हीबी दोनच गोष्टी इचार्‍यात आणि हात चालू करी दिधा. दोन वरीस ती गाडी मन्हा हातमा व्हती."

बसऱ्याच्या हवालदारानं त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की गाडीखाली शिरण्याआधी गाडीवाल्याला बोलता करून रिकामा कर. वीस वर्षांत दोधू ते विसरला नव्हता, पण आपल्याला आता विचारायची गरज उरली नाही असं त्याला हळूहळू वाटू लागलं होतं. त्यानं दोन बाजली ओढली. एकावर आमशाला बसवलं, दुसऱ्यावर स्वतः बसला.

"चाल," तो म्हणाला. "पहिला दिनपासून सांग. माले घाई नही."

आमशानं सांगितलं. पहिलं दीड वर्ष गाडीला काही नव्हतं. दिवाळीच्या आधी पुढच्या डाव्या स्प्रिंगचं एक पान मोडलं. इथं तसं पान मिळेना, म्हणून फत्तेसिंगांनी गाडी आगगाडीनं मुंबईला पाठवली. दिवाळीनंतर नवी स्प्रिंग बसवून ती परत आली. नंदुरबारच्या स्टेशनात ती उतरवून घ्यायला आमशाच गेला होता.

"स्टेशनमातून बाहेर काढी आणि मन्हा हातले कळनं," तो म्हणाला. "गाडी डावीकडे वढे. थोडीशीच. एक हात उजवीकडे दाबी ठेवना पडे. पहिले असं नव्हतं."

"थरथर?"

"तवय बारीक. मंग वाढत गई."

"आणि तो फिटर उना, त्यानी काय काय करं? टायरनी गोष्ट सोडीसन."

आमशानं डोळे मिटले आणि आठवलं. फिटर गाडीखाली झोपला होता. दोन चाकांना जोडणारा जो आडवा गज असतो, त्याच्या टोकाचा नट त्यानं सोडला आणि गज तीन आटे फिरवून पुन्हा आवळला. मग म्हणाला होता की आता हलणार नाही.

दोधू उठून उभा राहिला. आता त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती, चुलीतल्या लाकडांसारखी एकाला लागून एक पेटत होती. गज फिरवून फिटरनं पुढची दोन्ही चाकं एकमेकांकडे तोंड करून वळवली होती. तशी दाबून धरलेली चाकं थोडे दिवस थरथरत नाहीत, पण रस्त्यावरून सरळ जाण्याऐवजी घासत जातात, आणि घासतात ती बाहेरच्या कडेवर. टायरावरचे करवतीचे दात तिथून आले होते. पण ती झाली रोगावर टाकलेली गोधडी. मूळ रोग दिवाळीत आला होता, स्प्रिंगबरोबर.

गुरुवारी सकाळी त्यानं दुकानाची अर्धी जमीन झाडून सपाट केली. गाडी मधोमध उभी केली. ओळंबा घेतला, पुढच्या आसाच्या दोन टोकांवरून आणि मागच्या आसाच्या दोन टोकांवरून खाली सोडला आणि चारही ठिकाणी जमिनीवर खुणा केल्या. गाडी ढकलून बाजूला काढल्यावर जमिनीवर चार ठिपके राहिले. कावेत बुडवलेली सुतारी दोरी त्यानं आमशाच्या हातात दिली. दोघांनी मिळून रेघा मारल्या आणि पट्टीनं मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू, मग कोनांतून कोनांत दोन्ही कर्ण. चारही मापं जुळली, एका सुताचाही फरक नव्हता. आस मागेपुढे सरकलेला नव्हता.

मग त्यानं चाकं काढली आणि आसाच्या एका टोकाच्या खुंटीपासून दुसऱ्या टोकाच्या खुंटीपर्यंत रेशमी दोरा ताणला. जमिनीला गाल टेकवून तो दोऱ्यामागून बघत राहिला. आस दोऱ्याला धरून होता, धरलेल्या भाल्यासारखा सरळ. दोधूनं आमशालाही खाली झोपून बघायला लावलं.

"हाऊ आस वाकेल नही," तो म्हणाला.

आमशा बराच वेळ जमिनीवरच पडून राहिला. उठला तेव्हा त्याचा गाल मातीनं भरला होता आणि तो पुसायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसरा कुणी असता तर एवढ्यावर थांबला असता. दोधूला मात्र बुधवार आठवत होता. तो काटकोन बघायचा गुण्या आणि ओळंबा घेऊन स्प्रिंगांकडे वळला. मोटारीचं पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं, ती खुंटी अगदी उभी नसते. तिचं डोकं किंचित मागे झुकलेलं असतं, म्हणून चाक आपोआप सरळ धावतं, गाईमागून वासरू यावं तसं. हा झुकाव नेमका ठेवण्यासाठी या गाडीला दोन्ही स्प्रिंगांच्या खाली, आसावर, एकेक लोखंडी पाचर दिलेली होती. उजव्या बाजूला दोधूनं ओळंबा लावला तर खुंटी हवी तशी मागे झुकलेली होती. डाव्या बाजूला लावला आणि त्याचा हात थांबला. खुंटी जवळजवळ उभी होती, किंबहुना थोडी पुढेच आलेली.

त्यानं डाव्या स्प्रिंगचे बोल्ट दोन आटे ढिले केले, चिंधीनं चिखल पुसला आणि बघितलं. उजव्या पाचरीचं जाड टोक मागे होतं. डावीचं जाड टोक पुढे होतं. मुंबईत स्प्रिंग बसवताना कुणीतरी पाचर उलटी घातली होती.

जन्मभर पाचरी ठोकण्यात गेलेल्या माणसाला हे बघून हसू आलं. पण त्यानं पाचरीला हात लावला नाही. रस्त्यानं जाणाऱ्या एका गाडीवाल्याबरोबर त्यानं फत्तेसिंगांना निरोप पाठवला. निरोपात गाडी तयार आहे असं नव्हतं. या आणि स्वतः बघा, एवढंच होतं.

फत्तेसिंग दुपार टळायच्या आत आले. दोधूनं त्यांना काही समजावलं नाही. त्यांच्या हातात ओळंबा दिला, आधी उजवीकडे धरायला लावला, मग डावीकडे. दोऱ्यामागून आस बघायला लावला. पांढऱ्या कपड्यांनी ते जमिनीवर आडवे झाले. मग पाचरी दाखवल्या. फत्तेसिंगांनी दोन्ही पाचरींवर बोट फिरवून जाड टोकं चाचपली आणि उकिडवेच बसून राहिले.

"ही स्प्रिंग त्यांनीच बसवली होती," ते अखेरीस म्हणाले.

"होय, बापू."

"आणि आस वाकला म्हणून पत्र पण त्यांनीच लिहिलं."

"त्या फिटरला हे ठाऊक नसणार. एकानं बसवली, दुसऱ्यानं बघितली. पण बघणाऱ्यानं दोरी लावली नाही. घाई केली. तशी मीही केलीच होती."

फत्तेसिंग आमशाकडे बघून काही बोलतील, असं दोधूला वाटलं होतं. पण कोट काढून त्यांनी बाजेवर ठेवला आणि काम संपेपर्यंत तिथंच बसले.

काम फार नव्हतं. पाचर फिरवून जाड टोक मागे केलं, बोल्ट आळीपाळीनं आवळले, पुन्हा ओळंबा लावला. आता दोन्ही खुंट्या जुळ्या भावांसारख्या सारख्या झुकल्या होत्या. मग फिटरनं फिरवलेला गज दोधूनं उलटा फिरवला. दोन चाकांतलं अंतर मागच्या अंगाला मोजायचं, पुढच्या अंगाला मोजायचं, आणि पुढचं जवाच्या दाण्याएवढं कमी ठेवायचं. त्याच्या मापाच्या काठीवर ते खुणेनं कोरलेलं होतं. खाल्लेली टायरं मागे राहू दिली, चांगली पुढे.

या वेळी त्यानं आधी स्वतः गाडी काढली, एकट्यानं. दहा मिनिटांनी परत आला आणि खाली उतरून दार उघडं धरलं.

"आता आमशा चालवेल," तो म्हणाला. "तुम्ही शेजारी बसा."

अट फत्तेसिंगांची होती, ती मोडायचीही त्यांनीच. ते शेजारच्या जागेवर जाऊन बसले. आमशानं चक्रावर हात ठेवले.

गाडीत जागा दोघांचीच, म्हणून दोधू दुकानासमोर रस्त्याच्या कडेला बसून राहिला. काळजी नव्हतीच. त्याला ठाऊक होतं की थरथर गेली आहे. तरी इंजिनाचा आवाज परत ऐकू येऊ लागला तेव्हा तो उठून उभा राहिला. गाडी धूळ उडवत आली, त्याच्यासमोरून पुढे गेली, पुढच्या पुलापासून वळून पुन्हा आली. तेवढ्यात त्याला दिसलं ते पुरेसं होतं. आमशाचा एक हात मांडीवर होता, आणि दुसऱ्या हाताची दोनच बोटं चक्रावर टेकलेली होती. मडगार्डवर पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता.

फत्तेसिंग उतरले तेव्हा त्यांचे केस धुळीनं पांढरे झाले होते. अडतीस गेले, बेचाळीस गेले, पंचावन्नपर्यंत नेली, असं ते सांगत होते, आणि सांगताना ते सव्वीस वर्षांचेच दिसत होते. मग ते थांबले. आमशा गाडीच्या पलीकडून उतरला होता.

"आमशा, मी तुला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "किल्ली तुझ्याकडेच ठेव."

आमशानं किल्ली घेतली नाही. घ्यायची नव्हती असं नाही. त्याला आधी एक बोलायचं होतं. त्यानं विचारलं की उद्याच्या टपालानं मुंबईला काय जाणार आहे. फत्तेसिंग म्हणाले, आसाची मागणी तर जाणार नाही. पत्र जाईल आणि त्यात पाचरीचं सगळं असेल.

"त्यामा मन्हं नाव लिखा," आमशा म्हणाला. "त्यासना पत्रमा नुसतं ड्रायव्हर लिखेल व्हतं. आमशा दामज्या पाडवी. त्यानी गाडी ठोकी नही, असं लिखा."

दोधूला हे ऐकून धक्का बसला. धन्याच्या मुलाला असं लिहायला सांगणारा माणूस त्यानं त्या मुलखात बघितला नव्हता. फत्तेसिंगांचा चेहरा क्षणभर कठीण झाला आणि मग सैल पडला. त्यांनी दोधूकडे कागद मागितला. दुकानात कागद होता तो लाकडाची मापं लिहायचा. रंध्याच्या पाटावर तो ठेवून त्यांनी तिथंच इंग्रजीत मजकूर लिहिला आणि मराठीत वाचून दाखवला. आमशाचं नाव पूर्ण होतं. वडिलांचं नाव लिहिताना त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं होतं. दोधूनं एका ओळीची भर घालायला सांगितली. डाव्या बाजूची बुशं झिजलेली होती, ती बदलली, हेही लिहा म्हणाला. खरं ते सगळं जायला हवं.

आमशानं किल्ली घेतली आणि लगेच पंधरा दिवसांची रजा मागितली. काठीच्या होळीचा नवस त्यानं या संकटात बोलला होता. कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं बांधून नाचायचं होतं, व्रताची पाळणूक होळीआधीच सुरू करायची होती. फत्तेसिंग हसले आणि रस्ता संपतो तिथपर्यंत गाडीनं सोडतो म्हणाले. आमशा दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या गाडीत दुसऱ्याच्या शेजारी निवांत बसून गेला.

मुंबईचं उत्तर चैत्रात आलं. तेव्हा गाडी दोधूच्या दुकानासमोरच उभी होती, आमशा चाकांना वंगण देत होता आणि फत्तेसिंग टपाल घेऊन थेट तिथंच आले. दुकानानं चूक कबूल केली होती, दोन टायरं पाठवत असल्याचं लिहिलं होतं, आणि ड्रायव्हरबद्दल लिहिलेले शब्द मागे घेतले होते. फत्तेसिंग वाचता वाचता थांबले आणि हसू लागले. पत्र लिहिणाऱ्या साहेबानं नावाची पार वाट लावली होती, आमशाचं त्यानं 'हमशा' केलं होतं.

"चालस," चाकाआडून आमशा म्हणाला. "नाव ते शे ना."